शिरेचें कलम

अंगावर एखादी गांठ आली, ती लाल होऊन दुखूं लागली आणि सोबत ताप भरला, म्हणजे घरांतील वडील माणसें तिला गळूं ठरवून मोकळीं होतात. पोटीस बांधावें, पिकूं द्यावें आणि पिकल्यावर फोडून घ्यावें, हा उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असून पुष्कळ प्रसंगीं तो उपयोगीहि पडतो. परंतु अशा असंख्य गांठींत एखादी अशी निघते कीं, तिच्यावर बोटें ठेवलीं असतां ती नाडीच्या ठोक्याबरोबर बोटांस वर उचलते. ही गांठ नुसत्या पुवाची नव्हे, वाहत्या रक्ताची असते. आणि तिला सुरी लावणें म्हणजे मृत्यूस दार उघडून देणें होय. धमनीची भिंत एके जागीं कमकुवत होऊन फुगली, म्हणजे त्या विकारास वैद्यकांत ‘अ‍ॅन्यूरिझम’ म्हणतात. मराठींत त्यास धमनीचा फुगा म्हणण्यास हरकत नाहीं. ह्या फुग्याच्या भिंतींत रोगजंतूंनीं घर केलें, तर त्याहून भयंकर असे विकार थोडेच सांपडतील. अशा रोग्याचा प्राण वांचवावा कीं पाय वांचवावा, हा पेंच शस्त्रवैद्यांपुढें शतकानुशतकें उभा होता. दोन्ही वांचविण्याचा मार्ग अखेर रोग्याच्याच शरीरांतील एका शिरेनें दाखविला. त्या मार्गाची हकीकत हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हृदयांतून निघालेलें रक्त ज्या नळ्यांवाटे सर्व अवयवांस पोंचतें, त्यांस धमन्या म्हणतात. आणि तेंच रक्त ज्या नळ्यांवाटे हृदयाकडे परत येतें, त्यांस नीला किंवा साध्या बोलण्यांत शिरा म्हणतात. धमनींतील रक्त दाबाखालीं उसळ्या घेत वाहतें. म्हणून तिची भिंत जाड, तीन थरांची आणि लवचिक असते. शिरेंतील रक्त संथ वाहतें. म्हणून तिची भिंत पातळ असते. शिवाय पायांतील रक्त पुन्हां खालीं उतरूं नये यासाठीं शिरेंत जागोजाग एकाच दिशेस उघडणारे लहान पडदे असतात. हे पडदे रक्ताला हृदयाकडेच जाऊं देतात, हें इंग्लंडांतील विल्यम हार्वे यांनीं १६२८ सालच्या आपल्या ग्रंथांत सिद्ध करून दाखविलें. हा बारकावा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. कारण पुढें शस्त्रक्रियेंत त्याचें काम पडणार आहे.

धमनीच्या भिंतीचा मधला थर झिजला, म्हणजे जुन्या सायकलचा टायर एके ठिकाणीं विरून आंतील रबरी नळी जशी बाहेर येते, तशी ती धमनी फुगते. उतारवयांत होणारा असा फुगा बहुधा वर्षानुवर्षें हळूहळू वाढतो. जंतूंनीं केलेल्या फुग्याची गोष्ट निराळी. तेथें भिंत नुसती झिजत नाहीं, ती कुजते. आणि जें काम एरवीं वर्षांचें, तें कांहीं दिवसांत वा आठवड्यांत उरकतें. पुष्कळदां मूळ भिंत नाहींशीच होते, आणि भोंवतालचें मांस व साखळलेलें रक्त यांचाच काय तो बांध उरतो.

जंतु तेथवर पोंचतात ते मुख्यतः तीन वाटांनीं. हृदयाच्या झडपांना जंतूंची बाधा झाली असेल, तर त्यांवरील कण सुटून रक्ताबरोबर दूर जातात आणि एखाद्या धमनीच्या फाट्यावर अडकून बसतात. ही पहिली वाट. दुसरी वाट वृद्धांची. वाढत्या वयाबरोबर धमनीच्या आंतल्या अंगास चरबीचे व चुन्याचे थर बसून ती खडबडीत होते, आणि रक्तांतून वाहत जाणारे जंतु त्या खडबडींत आसरा घेतात. दूषित अन्नपाण्यांतून पोटांत जाणारे ‘साल्मोनेला’ कुळांतील जंतु या कामीं विशेष कुप्रसिद्ध आहेत. तिसरी वाट बाहेरची, म्हणजे जखमेची वा अस्वच्छ सुईची. जे हतभागी लोक मादक द्रव्यें सुईनें टोंचून घेतात, त्यांच्या जांघेंत असे फुगे वारंवार आढळतात. तेथें ‘स्टॅफिलोकॉकस’ नामक पुवाचे जंतु मुख्य असतात.

या विकारास नांव मिळालें तें १८८५ सालीं. त्या वर्षीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें विल्यम ऑस्लर या थोर वैद्यांनीं हृदयाच्या झडपांच्या घातक विकारावर व्याख्यानें दिलीं. त्यांत त्यांनीं अशा फुग्यांचें वर्णन करून त्यांस ‘मायकॉटिक’ असें विशेषण लाविलें. या शब्दाचा अर्थ बुरशीचा असा होतो. ताज्या बुरशीसारखें त्यांचें रूप दिसलें म्हणून तो शब्द पडला. वस्तुतः बहुतेक फुगे बुरशीचे नसून सूक्ष्म जंतूंचे असतात. तथापि एकदां पडलेलें नांव सुटत नाहीं या न्यायानें तें अद्यापि चालूं आहे.

आतां उपायांकडे वळूं या. सर्वांत जुना उपाय म्हणजे धमनी बांधून टाकणें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील अँटिलस या ग्रीक शस्त्रवैद्यानें फुग्याच्या वर व खालीं धाग्यानें धमनी आवळून मग फुगा उघडावा, असें लिहून ठेविलें होतें. सोळाव्या शतकांत फ्रान्समधील आंब्रॉझ पारे यांनीं असे फुगे उघडूं नयेत, अशी सहव्यवसायी लोकांस ताकीद दिली. गळूं समजून ते फोडल्याचे परिणाम त्यांस ठाऊक होते. १७८५ च्या डिसेंबरांत लंडनच्या जॉन हंटर यांनीं एक नवें पाऊल टाकलें. गाडी हांकणाऱ्या एका मनुष्याच्या गुडघ्यामागच्या लवणींत मोठा फुगा झाला होता. हंटर यांनीं फुग्यास हात न लावतां वर मांडींत, जेथें धमनी निरोगी होती तेथें, ती बांधली. मुख्य मार्ग बंद झाला तरी लहान लहान फाटे रुंदावून पायास रक्त पुरवितील, अशी त्यांची अटकळ होती, आणि ती खरी ठरली. फुगा आटला, पाय वांचला, मनुष्य घरीं गेला.

परंतु हा आडवाटांचा भरंवसा सर्वत्र पुरा पडत नाहीं. दीर्घकाळ वाढलेल्या फुग्यांत शरीरास आडवाटा तयार करण्यास अवधि मिळतो. जंतूंचा फुगा तो अवधि देत नाहीं. अकस्मात् मुख्य धमनी बंद झाली म्हणजे काय होतें, याचा कठोर हिशेब दुसऱ्या महायुद्धानें मांडला. अमेरिकन सैन्यांतील धमनीच्या २४७१ जखमांचा अभ्यास डिबेकी व सिमिओन यांनीं १९४६ सालीं प्रसिद्ध केला. बहुतेकांच्या धमन्या बांधूनच टाकाव्या लागल्या होत्या. आणि जेथें त्या बांधल्या, तेथें जवळ जवळ निम्म्या सैनिकांना हात किंवा पाय गमवावा लागला. गुडघ्यामागील धमनी जायबंदी झालेल्यांत तर हें प्रमाण शेंकडा ७२ पर्यंत गेलें. सडलेल्या भिंतीवर बांधलेला धागा पुन्हां सुटून रक्तस्राव होण्याचें भय जंतूंच्या फुग्यांत आणखी असतें, तें वेगळेंच.

धमनी बांधण्याऐवजीं ती सांधतां आली तर? हा विचार सुचण्यास सोपा, पण करण्यास महाकठीण होता. नळी शिवावयाची, ती ओली, मऊ व निसरडी. टांका जरा ओढला तर तोंड आवळतें, जरा सैल राहिला तर रक्त गळतें, आणि आंतील अस्तर दुखावलें तर तेथेंच रक्ताची गुठळी धरते. १८९४ सालीं फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांना लियों शहरांत एका मारेकऱ्यानें सुरा भोंसकला. यकृताकडे जाणारी मोठी नीला तुटली होती; ती शिवण्याची विद्या कोणास अवगत नव्हती, आणि अध्यक्ष प्राणास मुकले. त्याच शहरांत अलेक्सी कारेल नांवाचा वीस वर्षांचा तरुण वैद्यक शिकत होता. ही गोष्ट त्याच्या मनास लागली. सुईकामाचें कौशल्य त्यानें लियोंमधील एका कशिदा काढणाऱ्या बाईपासून शिकून घेतलें, असें सांगतात. अत्यंत बारीक सुया व व्हॅसलीन लावलेला रेशमी धागा घेऊन त्यानें नवी रीति बसविली. कापलेल्या नळीच्या कडेस समान अंतरावर तीन टांके घालून ते तीन दिशांस ताणावयाचे. म्हणजे वाटोळें तोंड त्रिकोणी होऊन त्याच्या तीन सरळ बाजू एकामागून एक शिवतां येतात. १९०२ सालीं ही रीति प्रसिद्ध झाली. पुढें अमेरिकेंत जाऊन चार्ल्स गथ्री यांच्या साह्यानें कारेल यांनीं कुत्र्यांच्या धमन्यांत शिरांचे तुकडे बसवून दाखविले. १९१२ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें, तें या वाहिन्या शिवण्याच्या व अवयव-रोपणाच्या कार्याबद्दल होय.

माणसावर हा प्रयोग प्रथम यशस्वी झाला तो माद्रिद येथें. १९०६ सालीं होसे गोयानेस या स्पॅनिश शस्त्रवैद्यांनीं गुडघ्यामागील फुग्यावर उपचार करतांना शेजारून जाणारी नीलाच धमनीच्या दोन टोंकांना जोडून रक्ताचा प्रवाह पुढें नेला. पुढच्याच वर्षीं जर्मनींतील क्योनिग्सबेर्ग येथें एरिख लेक्सर यांनीं काखेंतील धमनीचा फुगा कापून काढला आणि रोग्याच्या पायांतील लांब शिरेचा तुकडा त्या जागीं बसविला. रोगी दारूच्या व्यसनांतून उद्भवणाऱ्या उन्मादवातानें थोड्याच दिवसांत दगावला. परंतु मरणोत्तर तपासणींत बसविलेली शीर मोकळी व वाहती आढळली. फुगा मुळापासून काढून त्या जागीं नवी नळी घालणें, या कृतीला लेक्सर यांनीं ‘आदर्श शस्त्रक्रिया’ असें नांव दिलें, आणि तें यथार्थ होतें.

ह्या आदर्शास व्यवहारांत उतरावयास मात्र चाळीस वर्षें लागलीं. रक्त गोठूं न देणारें हेपॅरिन हें द्रव्य १९१६ सालीं हातीं आलें, तरी तें शुद्ध स्वरूपांत टोरोंटो येथें तयार होऊन रोग्यांस देतां येऊं लागलें तें १९३० नंतरच्या दशकांत. पेनिसिलिन रोग्यांस टोंचण्यास १९४१ सालीं आरंभ झाला. मग पॅरिसमध्यें १९४८ च्या जूनमध्यें झां क्यूनलॅं यांनीं पायांतील बुजलेल्या धमनीस बगल देऊन शिरेची लांब नळी वरपासून खालपर्यंत बसविली. हृदयावरील ‘बायपास’ हा शब्द आज घरोघर परिचित आहे. १९६७ सालीं क्लीव्हलंड येथें रेने फावालोरो यांनीं ज्या शिरेनें ती शस्त्रक्रिया रूढ केली, ती हीच पायाची शीर होय. पुढें कोरियाच्या युद्धांत धमन्या बांधण्याऐवजीं शिवण्याचा व शिरेनें सांधण्याचा प्रघात पडला. पूर्वीं निम्म्यापर्यंत गेलेलें अंगच्छेदाचें प्रमाण तेव्हां शेंकडा १३ वर आलें.

याच सुमारास एक नवा मोह उत्पन्न झाला. १९५२ सालीं न्यूयॉर्कच्या आर्थर व्हुरहीस यांनीं कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी धमनीच्या जागीं वापरतां येते, असें दाखविलें. पुढें डेक्रॉनच्या नळ्या निघाल्या. हव्या त्या मापाची नळी फडताळांतून काढून बसवितां येऊं लागल्यावर शिरेची खटपट कोण करतो? स्वच्छ जागीं ह्या नळ्या उत्तम चालतात, आणि आजहि सहस्रावधि रोगी त्यांवर जगत आहेत. परंतु पू झालेल्या जागीं त्या पुष्कळदां घात करतात. कापड निर्जीव, त्यांत रक्ताची केशवाहिनी शिरत नाहीं. जंतु त्या धाग्यांना चिकटून स्वतःभोंवतीं बुळबुळीत कवच विणतात, आणि त्या कवचाआड औषधाचा मारा पोंचत नाहीं. मग शिवणीच्या जागीं भिंत पुन्हां कुजते, आणि ज्या रक्तस्रावापासून रोग्यास वांचविलें, तोच पुन्हां ओढवतो.

शिरेचें तसें नाहीं. ती जिवंत असते. काढून पुन्हां बसवीपर्यंतचा वेळ ती तग धरते. भोंवतालच्या मांसांतून बारीक वाहिन्या तिच्या भिंतींत शिरतात, त्यांबरोबर शरीराचे रक्षक पेशी व औषधें येतात, आणि कालांतरानें धमनीचा दाब सोसून तिची भिंत जाड होत जाते. कोंकणांतल्या माणसास हें सांगावयास नकोच. कलम धरतें तें दोन्ही बाजू जिवंत असतात म्हणून. लांकडाची वाळकी काडी कितीहि घट्ट बांधली तरी ती फुटत नाहीं. आंब्याच्या कलमांत खुंट एका झाडाचा आणि काडी दुसऱ्याची; येथें दोन्ही एकाच झाडाचीं, एवढाच काय तो फरक. म्हणून शरीर तिला परकी समजून झिडकारीत नाहीं.

ही शस्त्रक्रिया होते कशी, तें थोडक्यांत पाहूं या. फुगा गुडघ्यामागें आहे, असें समजावें. प्रथम रोग्याचें रक्त जंतूंच्या परीक्षेसाठीं घेऊन शिरेवाटे प्रबळ जंतुनाशक औषधें सुरूं करितात. मग शक्यतों दुसऱ्या, निरोगी पायांतील लांब शीर काढून घेतात. ही शीर घोट्याच्या आंतल्या बाजूनें निघून मांडीवरून जांघेपर्यंत जाते. शरीरांतील सर्वांत लांब शीर तीच. ती काढली तरी पायाचें अडत नाहीं, कारण पायांतील बहुतेक रक्त खोल असलेल्या नीलांतून परत जातें. तिचे सर्व लहान फाटे एकेक करून बांधतात, आणि ती जखम शिवून झांकून टाकतात. म्हणजे घाणेरड्या जागेचा संसर्ग तिला लागत नाहीं.

यानंतर फुग्याच्या वर व खालीं निरोगी धमनी मोकळी करून ती चिमट्यानें धरतात. रक्ताचा मार्ग दोन्हीकडून आपल्या ताब्यांत आल्यावांचून फुग्यास सुरी लावावयाची नाहीं, हा येथील पहिला नियम. अँटिलसचा उपदेश अठराशें वर्षांनंतरहि सुटलेला नाहीं. मग फुगा उघडून आंतील गुठळ्या, पू आणि कुजलेली भिंत निरोगी कांठ लागेपर्यंत कापून काढतात, आणि जागा पुनःपुन्हां धुतात. येथें हात आंखडला तर पुढचें सर्व व्यर्थ जातें.

आतां हार्वे यांचे पडदे. शीर जशी होती तशीच बसविली, तर तिच्यांतील पडदे वरून येणारें रक्त अडवितील. म्हणून ती उलटी फिरवितात. घोट्याकडील टोंक वर आणि जांघेकडील टोंक खालीं. टोंकें तिरपीं कापून, केंसाहून बारीक धाग्यानें, आंतील अस्तरास अस्तर लागेल अशा बेतानें शिवतात. चिमटे सोडले, म्हणजे पातळ शीर क्षणांत टरारून धमनीसारखी उडूं लागते, आणि पांढरें पडलेलें पाऊल पुन्हां ऊब धरतें. शेवटीं शेजारच्या जिवंत स्नायूचा एक पदर वळवून त्या शिरेवर पांघरूण घालतात. जागा फारच दूषित असली, तर शीर जुन्या मार्गानें न नेतां स्वच्छ मांसांतून वळसा घालून नेतात. जंतुनाशक औषधें पुढें निदान सहा आठवडे, कधीं कधीं कित्येक महिने चालवावीं लागतात.

पोटांतील महाधमनीस फुगा झाला, तर ही पायाची शीर तिच्या मापाला पुरत नाहीं. १९९३ सालीं अमेरिकेंतील डॅलस येथील क्लॅगेट व त्यांचे सहकारी यांनीं, पोटांत बसविलेल्या कापडी नळ्या दूषित झालेल्या रोग्यांवर, मांडींतील खोल व रुंद नीला काढून तिचीच नवी महाधमनी रचण्याची रीति प्रसिद्ध केली. तीच युक्ति जंतूंच्या फुग्यांतहि योजतां येते. हें काम अनेक तासांचें व अतिशय श्रमाचें असतें, आणि पुढें पायास कांहीं काळ सूज राहूं शकते; तरी निर्जीव नळी नको असेल तेथें तो एक मोठा आधार आहे. मृत दात्याची गोठवून ठेवलेली धमनी, किंवा गाईच्या हृदयाच्या वेष्टनाची शिवलेली नळी, हेहि पर्याय आज उपलब्ध आहेत.

परंतु शिरेचें कलम म्हणजे अमृत नव्हे. कुजलेला भाग मागें राहिला तर जंतु शिरेलाहि खातात, आणि ‘सूडोमोनस’ जातीचे जंतु तर तिची भिंत अक्षरशः विरघळवितात. कोणाच्या शिरा फुगून वेड्यावांकड्या झालेल्या असतात. त्या निरुपयोगी ठरतात. जांघेंत सुई टोंचून घेणाऱ्या व्यसनी रोग्यांत कित्येक शस्त्रवैद्य आजहि धमनी बांधूनच थांबतात. कारण नवी शीर घातली तरी सुई पुन्हां तेथेंच जाण्याची भीति असते. अति वृद्ध वा क्षीण रोग्यांत जांघेंतून सळई घालून आंतल्या आंत आच्छादित नळी बसवितात. फुटलेल्या फुग्याचा रक्तस्राव तीमुळें तत्काळ थांबतो. मात्र ती नळी परकीच, आणि जंतु जागच्या जागींच राहतात. म्हणून पुष्कळदां तो वेळ मिळविण्याचा उपाय ठरतो, आणि तसल्या रोग्यास दीर्घकाळ, प्रसंगीं जन्मभर, औषध घ्यावें लागतें.

ह्या सर्व विवेचनांतून गृहस्थाश्रमी माणसानें ध्यानांत ठेवण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या प्राणमोलाच्या आहेत. जांघेंत, काखेंत, कोपराच्या लवणींत किंवा गुडघ्यामागें गांठ आली, तर पोटीस बांधण्यापूर्वीं तिच्यावर हलकेंच बोटें ठेवावींत. ती उडत असेल, तर तिला दाबूं नये, चोळूं नये, शेकूं नये, आणि कोणासहि ती फोडूं देऊं नये. रोग्यास निजवून सत्वर मोठ्या रुग्णालयांत न्यावें. उलट ती उडत नाहीं एवढ्यावरून निर्धास्तहि राहूं नये. आंत रक्त साखळलें असतां ठोका लागत नाहीं. अशा जागच्या गांठीस सुरी लावण्यापूर्वीं ध्वनिलहरींची तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. ती थोड्या मिनिटांत होते आणि तिनें अंगास इजा होत नाहीं. हृदयाच्या झडपांचा विकार असलेल्या माणसास दिवसचे दिवस ताप येत राहिला, किंवा वृद्ध माणसास जुलाब-ताप होऊन गेल्यावर पाठ वा पोट सतत दुखूं लागून ताप हटेना, तर तो हवापालटाचा ताप म्हणून सोडूं नये. रक्तांतील जंतूंची परीक्षा व क्ष-किरणांचें संगणकीय चित्र यांनीं आंतला फुगा उघडकीस येतो.

फुटण्यापूर्वीं आलेला रोगी आणि फुटल्यावर आलेला रोगी यांच्या दैवांत फार अंतर असतें. कारेलचा टांका, लेक्सरची शीर आणि पेनिसिलिननंतरचीं औषधें हीं सर्व पहिल्याच्या सेवेस सिद्ध आहेत. दुसऱ्यास त्यांचा लाभ होईलच असें सांगवत नाहीं. आणि पहिला कीं दुसरा, हें कित्येकदां रुग्णालयांत ठरत नाहीं. घरांत, त्या गांठीवर प्रथम हात ठेवणाऱ्या माणसाच्या शहाणपणावर ठरतें.